हजेरीचा तक्ता तुमच्या हातात आहे: पोलीस ठाण्यांच्या प्रभारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या सर्व पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी
आणि त्यांच्या वतीने रोजच्या ड्युट्या लावणारे हजेरी मास्तर

सप्रेम नमस्कार.

पोलिसांच्या आरोग्याबद्दल लिहायचं म्हटलं की पत्र गृहमंत्र्यांना जातं, नाहीतर पोलीस महासंचालकांना. मंजूर पदं, भरती, वसाहतींची दुरुस्ती हे विषय त्यांचेच आहेत. पण रात्रपाळी करून सकाळी सुटलेल्या हवालदाराला घरी जाऊ द्यायचं की कैदी पार्टीबरोबर कोर्टात धाडायचं, हे मंत्रालयात ठरत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री उशिरा 'उद्या सकाळी सहाला हजर राहणे' असा निरोप ग्रुपवर टाकायचा की नाही, हेही तिथे ठरत नाही. ते तुमच्या ठाण्यात, हजेरीच्या तक्त्यावर ठरतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी डॉक्टर आहे. एका जिल्ह्याच्या गावी पोलीस वसाहतीला लागून माझा दवाखाना आहे. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, माझं लहानपण पोलीस लाईनीत, म्हणजे वसाहतीत गेलं. आज माझ्यासमोर बीपीची पट्टी बांधून घेणाऱ्या शिपायाच्या घरात काय चाललं असेल, हे मला त्याने सांगायच्या आधीच बऱ्यापैकी कळतं.

पोलिसांवरच्या ताणाची चर्चा निघाली की बहुतेक वेळा शिबिर भरतं. ध्यान, श्वासाचे व्यायाम, एखादं व्याख्यान. या गोष्टी मी टाकाऊ मानत नाही. संथ, दीर्घ श्वासाने नाडी खाली येते हे खरंच आहे. पण अशा शिबिरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ताण ही माणसाच्या आतली गडबड आहे आणि ती त्याने स्वतःच दुरुस्त करायची आहे. त्यात शिबिर साप्ताहिक सुट्टीच्याच दिवशी ठेवलं, तर आलेल्या माणसाची आठवड्यातली एकुलती एक मोकळी सकाळ जाते. माझं म्हणणं वेगळं आहे. पोलिसाच्या कामात ताण असणारच, आणि तो असायलाही हवा. माणसाला खचवते ती त्या ताणामागून विश्रांती न येणं, आणि पुढचा ताण केव्हा येणार याचा पत्ता नसणं. या दोन्ही गोष्टी तक्त्यावर लिहिल्या जातात.

आधी ताणाच्या चांगल्या बाजूबद्दल लिहिते, कारण तिच्याबद्दल आम्ही डॉक्टर फार कमी बोलतो.

समोर धोका दिसला की काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, श्वासनलिका रुंदावतात, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं आणि यकृतातली साखर रक्तात येते, म्हणजे स्नायूंना आणि मेंदूला इंधन मिळतं. डोळे नेमकं टिपतात. थोड्या वेळापुरती शरीराची प्रतिकारशक्तीसुद्धा सज्ज होते, जखम झालीच तर तयारी असावी म्हणून. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना समोरच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या लागल्या तरी ती सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. असं धैर्य केवळ रसायनांतून येत नाही, हे मी जाणते. पण तशा क्षणी शरीराने साथ द्यावी लागते, आणि ती साथ ताणाच्याच यंत्रणेतून येते. ती यंत्रणा बंद पडलेला पोलीस कुणालाही नको आहे.

याच बाजूचा आणखी एक पुरावा तुम्ही सगळ्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे: प्रशिक्षण. खंडाळा, दौंड, जालना, अकोला, तुम्ही कुठेही असा, पहाटेची पीटी, परेड, उन्हातलं कवायतीचं मैदान, उस्तादांचा आवाज, चूक झाली की सगळ्या तुकडीला शिक्षा. याहून जास्त शारीरिक ताण ठाण्यातल्या रोजच्या कामात क्वचितच असतो. तरीही नऊ महिन्यांनी पासिंग आऊट परेडला उभी राहिलेली पोरं बघा. छाती रुंद, पोट सपाट, झोप गाढ, चेहऱ्यावर तेज. माझ्या ओळखीची कितीतरी मुलं प्रशिक्षणाहून परतली तेव्हा त्यांच्या आयांना ओळखू आली नव्हती, इतकी सुधारली होती. मग तोच मुलगा ठाण्यात पाच-सहा वर्षं काढून माझ्याकडे येतो तेव्हा पट्ट्याची भोकं संपलेली असतात, ॲसिडिटीच्या गोळ्या खिशात असतात आणि बीपी १५०/१००.

दोन्हीकडे ताण होता. फरक कुठे पडला? प्रशिक्षण केंद्रात रात्री ठरलेल्या वेळी दिवे बंद होतात. जेवणाची वेळ ठरलेली असते. उद्या काय करायचं आहे हे आज माहीत असतं, आणि प्रशिक्षण संपण्याची तारीखही माहीत असते. स्नायू मैदानात तुटतात आणि झोपेत भरून येतात. परेडने शरीर घडतं ते या भरून येण्यामुळे. नांगराला जुंपलेल्या बैलालासुद्धा शेतकरी दुपारी जू काढून सावलीला बांधतो, कारण तासभराच्या सावलीशिवाय संध्याकाळची पाळी होणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

ठाण्यात दिवे बंद होत नाहीत. कायदाही तसाच आहे. १८६१ च्या पोलीस अधिनियमाचं कलम २२ आणि आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २८, दोन्हींनुसार पोलीस नेहमीच कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. गरज पडली तर त्याला केव्हाही बोलावता यावं, यासाठी ही तरतूद आहे आणि ती योग्य आहे. पण कायद्याने मानलं म्हणून मूत्रपिंड आणि हृदय चोवीस तास कर्तव्यावर राहू शकत नाहीत. झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची सुट्टी असते. ज्याची झोप रोज तुटते त्याच्या रक्तवाहिन्यांची ही सुट्टीही तुटते, आणि वर्षानुवर्षं तुटली की त्या कडक होतात.

हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली माँट्रियलमध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांबद्दल एक छोटंसं टिपण छापलं. थंडी, जखम, अति व्यायाम, विषारी द्रव्य, काहीही केलं तरी उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल दिसत होते: मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि पोटात अल्सर. ताणाचा आधुनिक अभ्यास इथून सुरू झाला असं मानतात. पण ठाण्याच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जे वाइस नावाच्या शास्त्रज्ञाचा १९७० च्या आसपासचा प्रयोग. दोन उंदरांना विजेचे अगदी सारखे धक्के, तितकेच आणि त्याच वेळी. एकाला प्रत्येक धक्क्याआधी आवाजाची सूचना मिळायची, दुसऱ्याला मिळायची नाही. सूचना मिळणाऱ्याच्या पोटात अल्सर खूप कमी झाले. धक्का थांबवण्याची थोडीशी सोय ज्याच्या पंजात होती, त्या उंदराचंही तेच. वेदना तेवढीच असून शरीराची हानी वेगवेगळी झाली. ज्याला धक्का कधी येणार हे कळत होतं, त्याला मधल्या वेळात निर्धास्त राहता येत होतं. ज्याला कळत नव्हतं, तो सतत सावध.

आता तुमच्या ठाण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा विचार करा. रात्री जेवायला बसलेला शिपाई फोन उलटा ठेवू शकत नाही. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला येतो म्हणू शकत नाही. बायको विचारते, "रविवारी माझ्या भावाकडे जायचं ना?" आणि तो म्हणतो, "बघू." लाईनीतल्या घरांत हा 'बघू' मी लहानपणापासून ऐकत आले. त्या रविवारी त्याला बोलावलं गेलं नाही असंही होतं. तो घरीच असतो, तरी त्याची सुट्टी झालेली नसते, कारण दिवसभर कान फोनकडे असतो. तक्त्यावर त्या दिवशी 'सा.सु.' लिहिलेलं दिसतं. शरीराच्या हिशेबात तो दिवस ड्युटीचाच लागतो.

तुम्ही म्हणाल, पोलिसाचं काम अचानकच येतं, डॉक्टर. खून, दंगल, अपघात पंचांग बघून होत नाहीत. बरोबर आहे. पण तुमच्या वर्षभरातल्या बंदोबस्तापैकी बराचसा पंचांगातच छापलेला असतो. आषाढी एकादशी कधी आहे हे वर्षभर आधी माहीत असतं. गणपती, नवरात्र, मोहरम, ईद, १४ एप्रिल, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला कोरेगाव भीमा. निवडणुकीचा कार्यक्रमही आठवडे आधी जाहीर होतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं २०२७ हे वर्ष तर किती आधीपासून ठरलेलं आहे. एवढं ठाऊक असताना विसर्जनाचा पॉइंट, म्हणजे बंदोबस्ताला उभं राहायची जागा, शिपायाला आदल्या रात्री का कळावा? पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्याही पुढे जाते, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ती लांबणार हे धरूनच बदलीची माणसं आधी लावता येतात. खरोखर अचानक येणाऱ्या घटनांसाठी शरीरात ताकद शिल्लक हवी असेल, तर आधीच ठाऊक असलेल्या कामांनी ती संपवून टाकता कामा नये.

झोपेबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही तुम्ही कृपया शांतपणे वाचा. १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी काही लोकांना जागं ठेवून त्यांच्या हाताची आणि डोळ्याची अचूकता तपासली, मग त्याच लोकांना दारू देऊन तीच तपासणी केली. सलग सतरा तास जागा राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि चोवीस तासांनी सुमारे ०.१ टक्क्याइतकी. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी हजेरीला आलेला आणि मध्यरात्री नाकाबंदीत श्वासाचं यंत्र घेऊन उभा असलेला तुमचा माणूस ज्या दारुड्याला बाजूला घेतो, त्याच्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त, तो स्वतः डगमगत असतो. नंतर त्याच अवस्थेत तो मोटारसायकलवरून घरी जातो. रात्रपाळीनंतर पहाटे घरी परतताना झालेल्या अपघातांतली माणसं मी तपासली आहेत.

यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगातूनही तुमच्या कामाचं काहीतरी निघतं. काम सोपं असेल तर विजेचा धक्का जितका जोराचा तितकं उंदीर लवकर शिकत. काम अवघड केलं, म्हणजे उजेड कमी करून उजळ आणि काळी पेटी ओळखणं कठीण केलं, की मध्यम धक्क्याला शिकणं सर्वांत चांगलं व्हायचं. जोराच्या धक्क्याने ते बिघडायचं. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हे सोपं काम आहे. तिथे भरपूर ताण उपयोगी पडतो. पण रडणाऱ्या बाईची तक्रार नीट ऐकून फिर्याद लिहिणं, अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्यात खुणा न चुकवणं, चिडलेल्या जमावासमोर लाठी उचलायची की दोन शब्द बोलायचे हे ठरवणं, ही अवघड कामं आहेत. तिथे दमून ताठलेला मेंदू चुकतो. पोलिसाच्या हातून शिवी गेली, तक्रारदाराला हाकललं, नको तिथे लाठी चालली की चौकशी लागते, आणि ती लागायलाच हवी. मात्र चौकशीच्या कागदात आणखी एक रकाना असावा असं मला फार वाटतं: या माणसाने त्याआधीच्या तीन दिवसांत किती तास झोप घेतली होती?

माझ्या टेबलासमोर जे येतं ते आता थोडं सांगते. नावं, ठाणी अर्थातच सांगणार नाही. तिशीतला बीपी. चाळिशीच्या आत साखर. याचं कारण नुसता वडापाव नाही. १९९९ साली शिकागोत अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद स्पष्ट घसरली होती. आमच्या वसाहतीत सहा रात्री म्हणजे काहीच नाही. जागं राहायला चहा, चहाने भागेना म्हणून तंबाखू, तंबाखूने ॲसिडिटी, ॲसिडिटीवर गोळी. बीपीची गोळी मी रोज सकाळी घ्यायला सांगते. बंदोबस्ताला गेला की डबी घरी राहते. चालायला जा म्हणते, तर तो माझ्याकडे नुसता बघतो. मीही मग पुढे काही बोलत नाही.

महिला पोलिसांचं दुखणं वेगळं आहे आणि ते कुणी मोठ्याने बोलत नाही. बंदोबस्ताच्या पॉइंटवर स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. उन्हात बारा तास. मग लघवीची जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा संसर्ग. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याची कल्पना पुरुष अधिकाऱ्यांनी एकदा घरी विचारून करून घ्यावी. हा ताण कामाचा नाही, चारित्र्य घडवणारा नाही, त्यातून कुणाचं भलं होत नाही. मोबाईल टॉयलेटची गाडी आणि दर तीन तासांनी बदली, एवढ्याने तो संपतो.

आणि घर. ठाण्यात जे गिळलं ते घरी बाहेर पडतं. लाईनीत दारं पातळ असतात, सगळ्यांना सगळं ऐकू येतं. सतत सावध राहिलेला मेंदू घरात आल्यावरही पहारा सोडत नाही. मुलाच्या हातून पेला पडला तरी त्याला धोका वाटतो. मुलं बापाच्या बुटांच्या आवाजावरून मूड ओळखायला शिकतात. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

इथे विलायतेतल्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास तुमच्यासमोर ठेवायला हवा. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो, १९६७ मध्ये सुरू झाला, आणि मायकल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांना ताण जास्त, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असं तोवर लोक समजत. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्यांपेक्षा सुमारे तिप्पट होते. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही फरक पूर्ण सुटेना. दुसऱ्या अभ्यासात, जो १९८५ मध्ये सुरू झाला, त्याचं एक मोठं कारण पुढे आलं: आपलं काम कसं आणि केव्हा करायचं यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांचं हृदय जास्त आजारी. शिपायाच्या कामावर त्याचा ताबा किती असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणूनच मला वाटतं की दोन शिपायांनी आपसात ड्युटी बदलून मागितली, तर हजेरी मास्तरांनी ती शक्य तिथे द्यावी. तुमच्या मनुष्यबळात एकाचाही फरक पडत नाही, पण विचारायची सोय आहे आणि विचारलं तर कधीकधी मिळतं, एवढ्याने माणसाची मान ताठ होते.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी २०१४ मध्ये देशभरातल्या ठाण्यांचा अभ्यास झाला. जवळजवळ ९० टक्के ठाणे कर्मचारी रोज आठ तासांहून जास्त काम करत होते, आणि सुमारे ७४ टक्क्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नव्हती. प्रभारी अधिकारीही त्यातून सुटलेले नाहीत. वरून कंट्रोल रूमचा फोन, खालून मोर्चा, मधेच व्हीआयपींचा ताफा, कोर्टाची तारीख, आणि हाताशी मंजूर संख्येपेक्षा कमी माणसं. तुमच्यापैकी जे माझ्याकडे येतात त्यांचं बीपी शिपायांपेक्षा बरं नसतं. तुम्ही वरून आलेला अनिश्चिततेचा धक्का स्वतः झेलता आणि तसाच खाली सोडता. तो खाली जाण्याआधी जिथे अडवता येईल तिथे अडवा, हीच माझी विनंती आहे.

आणि हे अशक्य नाही, कारण आपल्याच राज्यात ते करून दाखवलेलं आहे. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याची मांडणी कुठल्या सल्लागार कंपनीने केली नव्हती. एका पोलीस शिपायाने कागदावर पाळ्यांचं गणित करून वरिष्ठांपुढे ठेवलं आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते उचलून धरलं. पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांत ते गेलं. २०२२ च्या सुरुवातीला महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश राज्यभर निघाला. त्याच वर्षी नैमित्तिक रजा १२ वरून २० करण्याचा निर्णयही झाला. ही घडी सगळीकडे बसली नाही, बसली तिथे कायम टिकली नाही, हे खरं. तरी एका शिपायाच्या गणिताने एवढं हललं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमच्या ठाण्यातही असं गणित डोक्यात घेऊन फिरणारा कुणीतरी असेल. त्याला एकदा समोर बसवून विचारा.

मला तुमच्याकडून काय हवं आहे ते सरळ लिहिते. पुढच्या आठवड्याचा तक्ता आधीच्या शुक्रवारी भिंतीवर लागावा. बदल करावा लागला तर करा, पण ज्याची सुट्टी कापली त्याच्या नावापुढे त्याच वेळी बदली सुट्टीची तारीख लिहा, पेनाने. दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तासांची फट राहील असं बघा. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी कोर्टात पाठवू नका. पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवा, कारण शरीराचं घड्याळ उशिरा झोपायला लवकर तयार होतं, लवकर झोपायला होत नाही. ज्याने लहान मुलाचं प्रेत उचललं, रुळांवरचा पंचनामा केला, त्याला त्या दिवशी घरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची देऊन दहा मिनिटं त्याच्याशी बोला. 'सवय होते' असं म्हणू नका. सवय होत नाही, ते आत साचतं, आणि काही वर्षांनी छातीत दुखतं म्हणून माझ्यासारखीच्या दारात येतं. तेव्हा महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना उपचाराच्या खर्चाला मदत करते, त्याबद्दल मी शासनाची आभारी आहे. पण तोपर्यंत हृदयाचा एक तुकडा गेलेला असतो आणि तो परत येत नाही.

आठ तासांची ड्युटी तुमच्या एकट्याच्या हातात नाही, म्हणून ती मागत नाही. ती मागणी आपण सगळे मिळून वर करू. तक्ता मात्र तुमचा आहे.

एक महिना करून बघा. सुरू करण्याआधी आणि महिन्यानंतर ठाण्यातल्या प्रत्येकाचं बीपी आणि उपाशीपोटीची साखर तपासा, सिक रजेवर किती जण गेले ते मोजा, त्या महिन्यात लोकांशी झालेल्या वादाच्या तक्रारी मोजा. तपासणीसाठी कुठे जायची गरज नाही. तुमच्या ठाण्याजवळचा कुठलाही डॉक्टर हे काम आनंदाने करेल. आमच्या शहरातल्या ठाण्यांसाठी मी स्वतः येईन. सकाळच्या हजेरीच्या वेळी बोलवा, म्हणजे रात्रपाळीवाले जायच्या आत आणि दिवसपाळीवाले पॉइंटवर निघायच्या आत दोघेही सापडतील. यंत्र आणि पट्ट्या माझ्या, फी काही नाही. आणि पहिली पट्टी, साहेब, तुमच्या दंडाला बांधू द्या.

आपली नम्र,
पोलीस वसाहतीशेजारची डॉक्टर